बहुमताने न गळणारी गच्ची

माणसाचं आयुष्य कोणाच्या हाती असतं, याबद्दल थोरामोठ्यांत मतभेद आहेत. गच्चीचं आयुष्य मात्र समितीच्या हाती असतं, याबद्दल कुठेच मतभेद नाहीत. निदान आमच्या इमारतीत नाहीत, आणि झालेच तर ते इतिवृत्तात घेतले जात नाहीत.

आमची इमारत व्यापारी आहे. म्हणजे इथे कोणी राहत नाही, सगळे नुसते दिवसभर असतात. तळमजल्यावर माझं बॅगांचं दुकान. वर चष्मेवाले, त्यांच्यावर वकीलसाहेब, त्यांच्यावर दातांचे डॉक्टर आणि सगळ्यांच्या वर शिवणकाम करणाऱ्या मावशी. मावशींच्या वर थेट गच्ची. वकीलसाहेब समितीचे अध्यक्ष, मी सचिव. गच्ची अगदी सपाट आहे. उतार नाही, कौलं नाहीत, नखरे नाहीत. पाणी पडलं की कुठे जायचं ते पाणी स्वतः ठरवतं. आम्ही त्याच्यावर कसलीही सक्ती करत नाही.

इतर इमारतींत म्हणे गच्ची तपासायला माणसं गच्चीवर जातात. जुनाट पद्धत. गच्चीवर ऊन असतं, कबुतरं असतात आणि लोखंडी शिडीचा गंज पँटला लागतो तो वेगळाच. आमच्याकडे गच्चीची तपासणी तळमजल्यावर, माझ्या दुकानात, चहाबरोबर होते. अध्यक्ष एकच प्रश्न विचारतात: "आपल्या डोक्यावर पाणी पडतं का?" प्रत्येक मजल्याला एक मत. हात वर करायचा, खाली घ्यायचा, बिस्किट उचलायचं. निकाल दरवर्षी स्वच्छ लागतो: चार विरुद्ध एक, गच्ची गळत नाही. मावशींच्या खोलीत जे पाणी पडतं त्याची नोंद आम्ही 'अल्पमतातील गळती' अशी करतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं ही म्हण समितीला पूर्ण मान्य आहे. म्हणून तर ज्यांचं गळत नाही त्यांचं मत निःपक्षपाती धरलं जातं.

मावशी शाळेचे गणवेश शिवतात. आमच्या हिच्या बहिणीच्या पोरांपासून ते चष्मेवाल्यांच्या नातीपर्यंत अर्धं गाव त्यांच्या हातच्या शिवणीत वाढलं. हाताखाली दोन मुली आहेत, दोघींची घरं त्यांच्याच पगारावर चालतात. बाईंचं मागणं तसं फार नव्हतं. "मला नवीन गच्ची नको हो," त्या म्हणायच्या. "भेगा तेवढ्या बुजवा आणि तुंबलेला पाइप मोकळा करा. कपड्याला बुरशीचा वास लागला की शाळा काम काढून घेणार. मग या पोरींना मी काय सांगू?" यावर अध्यक्ष अतिशय आस्थेने म्हणायचे, "मावशी, मुद्दा मतदानाला टाकू." आणि टाकायचे. चार विरुद्ध एक.

एका वर्षी मात्र मावशी बैठकीला येताना गणवेशांचा अख्खा गठ्ठाच घेऊन आल्या. म्हणाल्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला? हे बघा." आणि एक सदरा माझ्या काउंटरवर पिळला. पाण्याची धार लागली, थेट बिस्किटांच्या बशीत. मग अध्यक्षांच्या सांगण्यावरून मी इतिवृत्तात लिहिलं: 'सभासद पाणी सोबत घेऊन आल्या.' पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण काउंटरवर पडलेलं पुसावं लागतंच. ते मी पुसलं.

तरीही समितीवर पक्षपाताचा आरोप नको म्हणून आम्ही तज्ज्ञ नेमला. तज्ज्ञ म्हणजे वकीलसाहेबांचे साडू. (निवडीचा नात्याशी काही संबंध नाही. इतकं स्वस्तात दुसरं कोणी येत नव्हतं, एवढंच.) त्यांनी गच्चीवर जाऊन शास्त्रशुद्ध तीन उड्या मारल्या. तिन्ही वेळा ते गच्चीवरच उतरले. मग खाली येऊन त्यांनी अहवाल दिला. तो मी अजूनही अभिमानाने दुकानात लावून ठेवला आहे. त्यातले ठळक निष्कर्ष असे:

गच्चीवर पाणी साचलेले आढळले. त्यात आकाशाचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते, यावरून पृष्ठभाग उत्तम सपाट असल्याचे सिद्ध होते.

डांबराच्या थराला भेगा आहेत. भेगांमुळे थराला ताण सैल करण्याची सोय झाली आहे.

एका भेगेत झाड उगवले आहे. मुळांनी स्लॅब घट्ट धरून ठेवला असल्याने ते उपटू नये.

कबुतरे मोठ्या संख्येने बसतात. मुका जीव धोक्याच्या जागी बसत नाही.

आता राहिला आयुर्मानाचा प्रश्न. हा भाग मला फार आवडतो, कारण त्यात गणित आहे. जुन्या एका अहवालात गच्चीला आणखी दहा वर्षं दिली होती. ती दहा वर्षं कधीच उलटली, गच्ची मात्र आहे तिथेच आहे. याचा अर्थ जुना अंदाज निम्म्याने कमी होता. म्हणून साडूंनी नवीन आयुर्मान काढलं: वीस वर्षं, तीही आजपासून. जी गच्ची जितकी वर्षं पडली नाही, तितका तिला न पडण्याचा अनुभव मिळतो, असं त्यांचं म्हणणं. माणसाचंही असंच असतं तर काय बहार आली असती! आमचे काका नव्वदीचे आहेत, या हिशेबाने अजून शंभर वर्षं आम्हाला सल्ले देतील.

"मग दुरुस्तीचं काय?" मावशींनी विचारलं.

साडू जरा दुखावले. "बाई, वीस वर्षांची गच्ची दुरुस्त केली, तर तिला दुरुस्तीची गरज होती असं होईल. मग माझा अहवाल खोटा पडेल. तुम्हाला कोणाच्या अब्रूची काही पर्वा?"

त्या दिवसापासून मावशी दोन्ही मुलींना भिंतीच्या कडेकडेने बसवू लागल्या, मशिनंही कडेला सरकवली. खोलीच्या मध्ये उरलं फक्त कापायचं टेबल. ते जड होतं, हलवता येईना.

पुढच्या पावसात, भर दुपारी, छताचा मोठा तुकडा सळईपासून सुटला आणि त्या टेबलावर आला. मुली हात धुवायला गेल्या होत्या. मावशी दाराशी गिऱ्हाइकाशी बोलत होत्या. मी आवाज ऐकून वर धावलो. टेबल मधोमध चिरलं होतं, कात्री सिमेंटच्या पोपड्यांखाली गडप झाली होती आणि मावशी उंबऱ्यात उभ्या राहून नुसत्या मुलींची नावं घेत होत्या. दोघी समोर उभ्या होत्या तरी घेत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्यांना पाणी आणून दिलं, पंख्याखाली बसवलं आणि तातडीची बैठक बोलावली.

तातडीच्या बैठकीत साडूंनी पुरवणी अहवाल सादर केला. तुकडा पडल्यामुळे गच्चीचं वजन कमी झालं आहे आणि वजन कमी होणं कोणाच्याही तब्येतीला चांगलंच. आयुर्मान बावीस वर्षांवर गेलं. मात्र खबरदारी म्हणून गच्चीखाली कोणी थांबू नये, अशी त्यांनी शिफारस केली. अध्यक्षांनी ती लगेच उचलून धरली. चौथा मजला रिकामा करायचा आणि तो इथून पुढे गच्चीचाच भाग समजायचा. म्हणजे गच्चीची जाडी एका झटक्यात वीतभरावरून एक मजला होते. अशी दणकट गच्ची पंचक्रोशीत कोणाकडे नाही. दातांचे डॉक्टर तर म्हणाले, "बघा, दुरुस्तीशिवाय मजबुती! याला म्हणतात दृष्टी." चार विरुद्ध एक.

मावशी मशिनं घेऊन गेल्या तेव्हा मी त्यांना दुकानातल्या दोन मोठ्या बॅगा दिल्या. किरकोळ चिरलेल्या होत्या, तरी बॅगाच. मीही शेवटी माणूस आहे. मुलींनी त्यात दोरे, बटणं, अर्धवट गणवेश कोंबले. शाळेने काम काढून घेतलंच होतं. एक मुलगी जिन्यातच म्हणाली, "मावशी, उद्यापासून मी येऊ की नको?" मावशींनी तिच्या हातातली बॅग स्वतःच्या हातात घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एकदा तरी हात वर करायला हवा होतात. एकदाच." मी म्हटलं, "मावशी, माझ्या डोक्यावर खरंच पाणी पडत नव्हतं हो." आणि ते खरंच होतं. सचिवाला खोटं मत देता येत नाही.

त्यानंतर दातांच्या डॉक्टरांकडे गळू लागलं. त्यांच्या धंद्याचं दुर्दैव असं, की गिऱ्हाइकं उताणी झोपून तोंड उघडतात. काहींना वाटलं चूळ भरायची नवीन सोय आहे. डॉक्टरांनी बैठकीत टेबलावर मूठ आपटली. अध्यक्षांनी शांतपणे जुनी इतिवृत्तं काढून त्यांनाच त्यांची दरवर्षीची मतं वाचून दाखवली. तीन विरुद्ध एक. डॉक्टर गेले, गच्ची दोन मजली झाली, आयुर्मान तीस वर्षं.

सध्या वकीलसाहेबांच्या फायली ओल्या होताहेत. लोकशाहीत बहुमताच्या जुलमावर काहीतरी उपाय हवा, असं अलीकडे त्यांचं मत झालं आहे. चष्मेवाले आणि मी मात्र खंबीर आहोत. दोन विरुद्ध एक. इमारतीत आता गच्ची जास्त आणि इमारत कमी उरली आहे, आणि इतक्या जाड गच्चीखाली बसल्यावर जी निवांत झोप लागते, ती मी शब्दांत सांगू शकत नाही.

अडचण एकच आली आहे. तिघांच्या समितीत वकीलसाहेब रुसून बैठकीला येत नाहीत, त्यामुळे गणसंख्या भरत नाही. म्हणून नियमात छोटीशी सुधारणा करून बाहेरच्या सुज्ञ माणसांना मताचा अधिकार दिला आहे. म्हणजे तुम्हाला.

तुमच्या माहितीसाठी: मावशींना पलीकडच्या एका इमारतीत जागा मिळाली. तिथेही सगळ्यात वरच्या मजल्यावर, कारण भाडं परवडतं ते तेवढंच. एकच मुलगी राहिली आहे हाताखाली. तिथेही छतातून ठिबकतं म्हणे, आणि तिथेही खालचे सगळे सज्जन आहेत. इमारत कुठली ते मी विचारलं नाही. तुमचीही असू शकेल.

तर आता प्रश्न: आपल्या डोक्यावर पाणी पडतं का? नाही ना? वर कोण बसतं, त्यांचं छत कसं आहे, कधी जिना चढून बघितलंत? तेही नाही. हरकत नाही, संकोच करू नका, छत पडेपर्यंत आम्हीही कधी चढलो नव्हतो. तुमचं मत आमच्या बाजूने लिहून घेतलं आहे.