वाटाण्याच्या सूपची घोडदौड

इर्मेली केट्टुकांगास या बाईच्या हातून आयुष्यात एकच गंभीर चूक घडली होती. तिचा धंदा चालत होता.

फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात एका जुन्या कापडगिरणीच्या तळमजल्यावर तिचं जेवणघर होतं. बारा टेबलं, एक भट्टी आणि एक अवाढव्य पातेलं. सव्वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घातलं होतं. पुढे नगरपालिकेने सगळ्या शाळांचा स्वयंपाक शहराबाहेरच्या एका कारखान्यात नेला, तेव्हा शाळेचं पातेलं लिलावात घेऊन ती इथे आली. इतर दिवशी मासे असोत, बीट असो, बटाटे असोत, गुरुवारी मात्र तिथल्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचं सूप. वर मोहरीची चटणी, सोबत काळा पाव आणि मागाहून भट्टीतलं गोड घावन. गुरुवारी दुसरं काही शिजवलं, तर लोक 'घरी सगळं ठीक आहे ना' असं विचारतात. साडेदहाला रांग लागायची, साडेबाराला पातेलं खरवडून झालेलं असायचं. मग इर्मेली भांडी घासून घरी जायची. यालाच धंदा म्हणतात, अशी तिची भाबडी समजूत होती.

मग नगरपालिकेचं पत्र आलं. गिरणीची इमारत 'नवोद्योग परिसर' म्हणून घोषित झाली होती. एक एप्रिलपासून तिथे फक्त स्टार्टअपना जागा मिळणार होती आणि बाकीच्यांनी आपला बाडबिस्तरा उचलायचा होता. इर्मेलीने पत्र दोनदा वाचलं, हात पुसले आणि ती नवोद्योग अधिकारी योउको सार्विलिन्ना यांच्यासमोर जाऊन बसली.

"तुम्ही स्टार्टअप आहात का?" योउकोंनी विचारलं.

"मी स्वयंपाकीण आहे."

"ते आपण नंतर बघू. धंदा वाढतोय का?"

"नाही. साडेबाराला संपतो."

"तोटा किती होतो?"

"तोटा नाही होत."

योउकोंनी पेन खाली ठेवलं आणि दार नीट लागलंय ना, ते पाहून घेतलं. "बाई, हे इथे बोललात ते बोललात. बाहेर कुठे बोलू नका. तोटा नसलेल्या संस्थेला आम्ही कुठल्या तोंडाने मदत करणार? बरं, अपयश? आजवर किती वेळा अपयश आलं?"

इर्मेलीने खूप आठवून पाहिलं. फिनलंडच्या लोकांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा जुनाच आजार. "एकदा घावन करपलं होतं."

"वा! छान!" योउकोंनी ते ठळक अक्षरात लिहून घेतलं. तेवढ्या एका करपलेल्या घावनावर तिला मार्चअखेरपर्यंत तात्पुरती मान्यता मिळाली आणि सोबत एक मार्गदर्शक मिळाला.

मार्गदर्शकाचं नाव तोपियास लेह्मुसविर्ता. वय एकतीस, अनुभव दांडगा. तीन कंपन्या बुडवल्या होत्या. पहिली मित्रांची, दुसरी सासऱ्यांची आणि तिसरी थेट युरोपीय अनुदानाची. एवढी चढती कमान शहरात दुसऱ्या कुणाची नव्हती. पहिल्या दिवशी तो एका टेबलाशी बसून नुसता बघत राहिला. इर्मेलीने वाटी पुढे केली, तर 'मी मालापासून अलिप्त राहतो' म्हणाला.

"हे लोक जेवून जातात कुठे?"

"कामावर. घरी."

"आणि परत?"

"भूक लागली की येतात की!"

"म्हणजे जेवल्यावर त्यांना तुझी गरजच उरत नाही?" तोपियासने डोकं धरलं. "इर्मेली, अगं तुझा माल लोकांचा प्रश्न सोडवतोय! प्रश्न सुटला की माणूस गेला. स्टार्टअप असं नसतं गं. आणि यात आरोग्य कुठंय? नवोद्योगाच्या निकषांत ते लागतं."

"आरोग्यच आहे. इथे जेवून कुणी मेलेलं नाही."

"ते सांगायचं कसं? न मेलेल्यांचा तक्ता काढता येत नाही."

मग सूपचं आरोग्यीकरण सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मांस गेलं, दुसऱ्यात मीठ गेलं. तिसऱ्यात मोहरी 'आक्रमक' ठरली. घावन तर निकषांच्या पहिल्याच ओळीत आडवं झालं. राहता राहिले वाटाणे. ते पचनावर ताण आणतात असा अहवाल आला आणि वाटाण्याच्या सूपमधून वाटाणेही निवृत्त झाले. उरलं ते कोमट हिरवट पाणी. वाटीवर पाटी लागली: 'भारमुक्त वाटाणा.'

खिडकीशेजारच्या टेबलावर ताइस्तो बसायचा. कागदकारखान्यातून निवृत्त झालेला, बायको वारलेली, अकरा वर्षं एकही गुरुवार न चुकवलेला. त्याने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"इर्मेली, आम्ही कारखान्यात लाकडाचा लगदा करायचो. त्याला याच्यापेक्षा चव होती बाई."

"गप गिळ ना रे!" इर्मेली त्याच्या कानाशी येऊन म्हणाली. "मार्चपर्यंत कळ काढ. एकदा जागा पक्की होऊ दे, मग सगळं परत घालीन. वाटाणे, मांस, सगळं. मला काय हौस आहे का? ही भट्टी गेली तर मी करू काय? घरी बसून भिंतींना वाढू?" आणि तिचे डोळे खरोखरच भरून आले. पाण्याला वाफच नव्हती, नाहीतर वाफेवर ढकलता आलं असतं.

ताइस्तोने वाटी संपवली. बाकीचे हळूहळू यायचे बंद झाले. रांग दारापर्यंत आली, मग टेबलापर्यंत, मग एकट्या ताइस्तोपर्यंत. तोपियास मात्र हरखून गेला होता. उष्टं टाकण्याचं प्रमाण शून्यावर आलं होतं, कारण उष्टं टाकायलाच कुणी येत नव्हतं. पहिला तोटा झाला त्या दिवशी योउकोंनी स्वतः येऊन हात मिळवला आणि फुलंही दिली.

आता फक्त गुंतवणूकदार हवा होता. लंडनचे क्रिस्पिन हॉलोवेल नावाचे गृहस्थ तळ्याकाठच्या सौनामध्ये, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, भेटायला तयार झाले. फिनलंडमध्ये महत्त्वाचं बोलणं तिथेच होतं, म्हणजे खरं तर होत नाही. तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि गप्प घाम गाळायचा, हीच सभ्यता. हे हॉलोवेलसाहेबांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तर बाई, तुमच्या कंपनीचं भविष्य तुम्हाला कसं दिसतं?" फळीवर बसता बसता त्यांनी विचारलं.

प्रश्न गंभीर होता, आणि गंभीर प्रश्नाला विचार न करता उत्तर देणं इर्मेलीला जमण्यासारखं नव्हतं. ती विचार करू लागली. पाहुण्याला थंडी वाजू नये म्हणून तिने दगडांवर एक ओगराळं पाणी ओतलं. साहेब गाजरासारखे लाल झाले.

"बरं, रक्कम दुप्पट करू," ते म्हणाले.

इर्मेली विचारच करत होती. मध्येच आणखी एक ओगराळं ओतलं, कारण पाहुणचारात कंजुषी बरी नाही. साहेबांनी नफ्यातला हिस्सा सोडला. तिसऱ्या ओगराळ्याला सगळ्या अटी सोडल्या आणि चौथ्याला ते फळीवरून उतरून दाराकडे धावले. "कबूल! सगळं कबूल! पण आधी ही कडी काढा!"

कडी नव्हतीच, दार नुसतं बाहेर ढकलायचं होतं. ते ढकलून देत इर्मेलीने शेवटी मनापासून उत्तर दिलं. "बरं दिसतं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं की वाटाघाटींमध्ये या बाईचा हात उत्तर युरोपात कुणी धरणार नाही. तोपियासचं व्याख्यान ठरलं: 'यशाचं रहस्य, मौन.' तो दीड तास बोलला. आणि नगरपालिकेने गिरणीतली जागा दहा वर्षांसाठी इर्मेलीच्या नावे करून दिली. तो कागद हातात घेऊन ती जिन्यातच बसली आणि आनंदाने रडली. मग तडक दुकानात जाऊन तिने वीस किलो वाटाणे आणले.

पण तोवर साहेबांचे तज्ज्ञ येऊन पोचले होते. त्यांनी हिशेब मांडला आणि निदान केलं: कंपनीचा सारा खर्च सूपवर होत होता. पातेलं, भट्टी, वाटाणे आणि इर्मेली एवढी चार कलमं वगळली, तर धंद्यात खोट काढायला जागा नव्हती. म्हणून ती वगळली. उरलेल्या धंद्याचं अॅप झालं. गुरुवारी अकरा वाजता मोबाइल वाजायचा: 'आज तुमचं सूप.' तुम्ही बोट टेकवून 'घेतलं' म्हणायचं, त्याला पाचपैकी तारे द्यायचे आणि इतरांनी किती दिले ते बघायचं. दोन महिन्यांत दोन लाख लोक सूप घेऊ लागले.

"पण माझी भट्टी?" इर्मेलीने विचारलं.

"ती काढावी लागली गं," तोपियास समजुतीने म्हणाला. "कार्यालयाच्या जागेत आग चालत नाही. विम्याचा नियम आहे. पण जागा तुझीच आहे हं! भिंतीवर तुझा फोटोही लावलाय, ओगराळ्यासकट."

इर्मेली काही बोलली नाही. सगळ्यांनी ती धोरणी शांतता समजून मान डोलावली.

पुढच्या गुरुवारी तिने घरच्या चुलीवर सूप रांधलं. वाटाणे रात्रभर भिजवले होते, मांस घातलं, मीठ घातलं, काही म्हणून राखून ठेवलं नाही. पातेलं ढकलगाडीवर बांधून गिरणीच्या अंगणात आणलं आणि झाकण काढलं. वास चौथ्या मजल्यापर्यंत गेला. माणसं खाली आली. रांग लागली, अगदी पूर्वीसारखी, आणि सगळ्यांत पुढे ताइस्तो. इर्मेलीने त्याची वाटी काठोकाठ भरली. आपलं गेलेलं सगळं या एका वाटीत परत येणार, असं तिला त्या क्षणी वाटलं.

ताइस्तोने वाटी नाकाशी नेली. मग दुसऱ्या हाताने खिशातून मोबाइल काढला आणि बराच वेळ त्यात बघत राहिला.

"इर्मेली, हे चांगलं आहे का गं?"

"म्हणजे?"

"नाही, इथे याला अजून कुणीच तारे दिलेले नाहीत."

"अरे मेल्या, अकरा वर्षं हेच खात आलास ना!"

"खात होतो गं," ताइस्तो ओशाळून म्हणाला. "पण तेव्हा मला कुठे कळायचं?" आणि आधी दुसरं कुणी खाऊन बघू दे म्हणून तो बाजूला झाला. त्याच्या मागचाही झाला. मग त्याच्याही मागचा. इर्मेली ओगराळं धरून उभी राहिली, आणि सूपवर साय धरू लागली.

तुम्हाला हसू आलं असेल, तर खुशाल हसा. फक्त ही गोष्ट आवडली की नाही हे सांगण्याआधी, ती आणखी कुणाकुणाला आवडली ते विचारायला जाऊ नका. बघू, जमतंय का.