टोचरे टेलर्सचा सोवळ्यातला बॅकअप

एका जंगलात, बाळांनो, वीज होती, वायफाय होते आणि सिंहही होता. म्हणजे जंगलाची बरीच प्रगती झाली होती. सिंहाची भूक तेवढी जुन्या पद्धतीची राहिली होती.

या जंगलात श्रीपती टोचरे नावाचे एक साळिंदर शिंपीकाम करायचे. सुया घरच्याच, त्यामुळे धंदा बरा चालला होता. दुकानावर पाटी होती, 'टोचरे टेलर्स. जेंट्स, लेडीज आणि शेपटीवाल्यांचे स्पेशालिस्ट.' शेजारच्या बिळात डॉक्टर लांबकाने नावाच्या सशाचा दातांचा दवाखाना होता. या डॉक्टरांना लक्षात ठेवा. ते शेवटी लागणार आहेत.

टोचऱ्यांच्या दुकानात एक कॉम्प्युटर होता. त्यात जंगलातल्या सगळ्यांची मापे होती. हत्तीच्या कमरेचे होते, जिराफाच्या गळ्याचे होते आणि सगळ्यात मोलाचे म्हणजे सिंहमहाराजांचे होते.

हे माप कसे मिळाले, ते ऐका. घाबरू नका, पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. टोचऱ्यांचे भागीदार बोकडशेठ टेप घेऊन गुहेत गेले. टोचरे बाहेर वही उघडून बसले. आतून आवाज आला, "बाही अठ्ठावीस! छाती चौपन्न! पोट साठ!" त्यानंतर आवाज आला नाही.

त्या मापाचा कोट महाराजांना पोटावर जरा तंग झाला, कारण बोकडशेठ मापात धरलेले नव्हते. पण पुन्हा मोजायला कोण जाणार? पुढे वही वाळवीने खाल्ली आणि महाराजांचे माप फक्त कॉम्प्युटरमध्ये उरले.

कॉम्प्युटर दुरुस्त करायला शेवंता नावाची खार यायची. ती एकदा म्हणाली, "काका, या मापांची दुसरी प्रत काढून ठेवा. आम्ही खारी सात ठिकाणी बिया पुरतो. सहा ठिकाणं विसरलो, तरी सातवं आठवतं."

"अगं पण कॉम्प्युटर तर चांगला चालतोय."

"बोकडशेठसुद्धा चांगले चालत होते, काका. एक प्रत दुकानात ठेवा, एक घरी, एक भलत्याच झाडावर. आणि महिन्यातून एकदा उघडून बघा, आत काही आहे का ते."

टोचऱ्यांना ते पटले. शेवंताकडून त्यांनी एक डिस्क घेतली. माप कसे भरायचे तेही शिकून घेतले. डिस्क घरी आणल्यावर त्यांच्या पत्नी कमळजाबाई म्हणाल्या, "अहो, नवी वस्तू आहे. आधी पूजा, मग वापर."

तेही बरोबरच होते. चांगला दिवस बघून टोचऱ्यांनी डिस्कचा शुभारंभ केला. मग ती देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू वाहिले, नारळ वाढवला. खोबरे सगळ्या आळीत वाटले. डॉक्टर लांबकान्यांनीही खाल्ले.

दुसऱ्या दिवशी टोचरे डिस्क घ्यायला गेले, तर कमळजाबाई आडव्या आल्या.

"देव्हाऱ्यातली वस्तू दुकानात नेणार? पारोशा हातानं? तुमच्या त्या कॉम्प्युटरला लांडगेसुद्धा हात लावतात!"

टोचरे परत फिरले. ते लांडग्यांना घाबरत नसत, पण कमळजाबाईंपुढे त्यांचे काही चालत नसे. त्यामुळे डिस्क देव्हाऱ्यातच राहिली. दर दसऱ्याला तिच्यावर नवे कुंकू चढे. गिऱ्हाइकांनी विचारले की टोचरे ऐटीत सांगत, "आपला बॅकअप आहे. सोवळ्यातला."

आणि मग महाराजांच्या राज्यकारभाराला पंचवीस वर्षे झाली. मोठा सोहळा ठरला. नव्या कोटाचे काम टोचऱ्यांकडे आले. मुदत आठ दिवसांची. कोट झाला नाही तर शिंप्याचा फराळ होणार, हे आज्ञापत्रातच लिहिले होते.

त्याच दिवशी कॉम्प्युटरवर एक संदेश आला. 'सोहळ्यात आपणांस पहिल्या रांगेत मानाची खुर्ची. निमंत्रण उघडण्यासाठी येथे दाबा.'

बाळांनो, पहिल्या रांगेची खुर्ची दिसली की भल्याभल्यांची अक्कल मागच्या रांगेत जाऊन बसते. टोचऱ्यांनी दाबले.

पडद्यावर भलेमोठे कुलूप आले. खाली लिहिले होते, 'तुमची सगळी मापे आम्ही बंद केली आहेत. पलीकडच्या जंगलातल्या वडाच्या ढोलीत मधाची चाळीस पोळी ठेवा. मग किल्ली मिळेल.'

चाळीस पोळी मध टोचऱ्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण लगेच त्यांना देव्हारा आठवला आणि जीव भांड्यात पडला.

शेवंताला बोलावणे गेले. कमळजाबाईंनी तिला आधी पाय धुवायला लावले, मग आंघोळ करायला लावली. ओल्या शेपटीने शेवंता देव्हाऱ्यापुढे बसली. डिस्कच्या खाचेत चार दसऱ्यांचे कुंकू दाबून बसले होते. टोचऱ्यांचाच एक काटा उपटून तिने ते कोरून काढले.

डिस्क चालू झाली. टोचऱ्यांनी हात जोडले.

आत एकच कागद होता. त्यावर लिहिले होते, '॥ श्री ॥'.

"काका, मापं कुठं आहेत?"

"ती दुसऱ्या दिवशी भरणार होतो," टोचरे म्हणाले. कमळजाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मीच आडवी आले हो," त्या म्हणाल्या. खरोखर वाईट वाटावे असाच प्रसंग होता.

आता दुसरा मार्ग नव्हता. टोचऱ्यांनी टेप गळ्यात घातली. कमळजाबाईंनी त्यांच्या हातावर दही ठेवले. ते गुहेकडे निघाले, तेव्हा सगळी आळी बघत होती.

महाराज आडवे पसरले होते. शिंपी दिसताच त्यांनी सवयीने तोंड उघडले.

भीतीने टोचऱ्यांच्या अंगावरचे सगळे काटे ताठ उभे राहिले.

महाराजांनी तोंड मिटले. लहानपणी त्यांनी एका साळिंदराला तोंड लावले होते आणि महिनाभर पेजेवर काढला होता.

"लवकर मोज आणि नीघ," महाराज म्हणाले.

"महाराज, पोट सोडा जरा."

"सोडलेलंच आहे."

पोट ब्याऐंशी भरले. साठाचा कोट शिवला असता, तर भर सोहळ्यात बटणे उडाली असती आणि पाठोपाठ टोचरे गेले असते. कोट अंगासरसा बसला. महाराज खूश झाले. टोचऱ्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, खरीखुरी.

जंगलाने यातून काय धडा घेतला? डिस्क जागृत आहे! आत नुसते 'श्री' होते आणि शिंपी सिंहाच्या गुहेतून जिवंत आला. मग काय, ज्याने त्याने डिस्क आणली, आत 'श्री' लिहिले आणि टोचऱ्यांच्या देव्हाऱ्यात ठेवली. शेवंता फांदीफांदीवरून ओरडत होती, "अहो, त्यात काहीतरी भरा!" तिला कोण विचारतो? ती तर आंघोळसुद्धा सांगितल्यावर करते.

डॉक्टर लांबकान्यांनीही डिस्क ठेवली होती. पुढच्याच महिन्यात त्यांच्या कॉम्प्युटरवर 'उत्कृष्ट दंतवैद्य पुरस्कार' मिळाल्याचा संदेश आला. त्यांनी दाबले. सगळी नोंदवही कुलपात गेली, महाराजांच्या तीस दातांसकट.

डॉक्टर डगमगले नाहीत. त्यांनी देव्हाऱ्यापुढे नारळ वाढवला, हातावर दही घेतले आणि महाराजांचे दात नव्याने मोजायला गुहेत गेले.

ते अजून आलेले नाहीत. त्यावरून महाराजांचे दात उत्तम आहेत, असे निदान जंगलाने केले आहे.

तात्पर्य: बॅकअप घेण्याची काही गरज नसते, नुसती पूजा पुरते. जन्म मात्र साळिंदराचा घ्यावा.