कायम राहील असं नाव

आमच्या राजाजीनगरच्या मराठी वाचनालयात यापुढे चूक होणार नाही, कॉम्प्युटर चुकत नाही, असं मी मंडळाच्या बैठकीत चक्क उभं राहून सांगितलं. उभं राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. त्यामुळे कोणी ऐकलं की नाही, याची मला शंकाच होती.

या धाडसामागे मैत्रेयी होती. पुण्याहून इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेल्या या मुलीने १९९७ साली आमची रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली. वर एक चाचणी लिहून दिली. रोज सकाळी बटण दाबलं, की कॉम्प्युटर आपणच एका सभासदाला नोंदीपुरतं पुस्तक देई, उशीर झाला असं धरून स्मरणपत्राचं कार्ड छापी, पुस्तक परत घेई आणि 'पास' म्हणे.

"काका, चाचणीसाठी एक सभासद आणि एक पुस्तक तेवढं भरून ठेवा," ती म्हणाली. "सभासद कायम राहील असा. पुस्तक नेहमी कपाटात सापडेल असं."

सभासद आज आहेत, उद्या बदली होऊन भोपाळला. खूप विचार करून मी एकच नाव भरलं: प्रमोदिनी. माझी बायको, सभासद क्रमांक एक. पुस्तकाला विचार करावा लागला नाही. मी लिहिलेला लघुनिबंधांचा संग्रह कोणी कधी नेलाच नव्हता.

महिनाभर सगळं पास. निघणारं कार्ड मी फाडून टाकी. मग एका शुक्रवारी कार्ड छापून झालं आणि वीज गेली. आल्यावर बटण दाबलं, तर पडद्यावर 'नापास'. पुस्तक आधीच बाहेर आहे म्हणे, आणि उशीर झालाय म्हणून आणखी एक कार्ड. माझंच बोट चुकलं असणार, म्हणून पुन्हा दाबलं. असं एकूण दहादा. शेवटी कोपऱ्यावरच्या बूथवरून मैत्रेयीला फोन केला.

"खऱ्या रजिस्टरात? खरं नाव?"

"तूच कायमचं म्हणालीस."

"अहो काका, खोटं, पण कायमचं! चाचणीने आपलं पान आपण मांडायचं आणि जेवून आपणच उचलायचं. तुमची अर्ध्यावरून उठली, आणि उष्टं पान राहिलं काकूंच्या नावावर. रविवारी येऊन निस्तरते."

परत आलो तर टेबल लख्ख.

"कार्डं कुठे आहेत, शेषगिरी?"

"पोस्ट माडिदे, सार," आमचा कानडी शिपाई म्हणाला. "अकराच्या अकरा पेटीत टाकली. पाप, बिचारी! फारच उशीर केला असेल त्या बाईंनी."

रविवारी वार्षिक सभा होती आणि वीस वर्षांत एकदाही उशीर न केल्याबद्दल प्रमोदिनीला शाल मिळणार होती. साडीला इस्त्रीसुद्धा झाली होती.

शनिवारी कार्डं घरी आली. प्रमोदिनीने गठ्ठा करून पर्समध्ये ठेवला. खरं सांगावं म्हणून मी तीनदा घसा खाकरला. तिने तिन्ही वेळा खडीसाखर दिली.

रविवारी चिटणीस हणमंतरावांनी भर सभेत कॉम्प्युटरची यादी पाहिली. "वहिनींकडे पुस्तक थकलंय. शाल देता येत नाही. कॉम्प्युटर चुकत नाही, हे यांचंच म्हणणं."

म्हणजे ऐकलं होतं तर.

मी आयुष्यात दुसऱ्यांदा उभा राहिलो. "हिची चूक नाही. नाव मी घातलं. कायम राहील असं मागितलं होतं, मला दुसरं सुचलं नाही. पुस्तक कपाटातच आहे. शेषगिरी, काढून आण."

शेषगिरी बऱ्याच वेळाने परत आला. "इल्ल, सार. नाही तिथे."

तेव्हा प्रमोदिनी उठली. पर्समधून, अकरा कार्डांखालून, तिने माझं पुस्तक काढलं.

"सात वर्षं झाली," ती खाली बघत म्हणाली. "धूळ खात पडलं होतं. बघवेना, म्हणून नोंद न करता नेलं. कार्डं आली तेव्हा वाटलं, यांच्या कॉम्प्युटरला कळलं कसं?"

शाल हणमंतरावांनी पिशवीत ठेवली. मैत्रेयीने चाचणीसाठी खोट्या नावांचं वेगळं रजिस्टर करून दिलं, आणि पुस्तक रीतसर प्रमोदिनीच्या नावावर लिहून आम्ही ऑटोत बसलो.

"आवडलं का?" मी विचारलं.

"वाचतेय अजून."

पुस्तक माझ्या मांडीवर होतं. खूण चौदाव्या पानावर होती.