राजय्यांचं लायसन

सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या घरासमोर राजय्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानात बालाजीची तसबीर होती आणि तिच्या शेजारी एक रिकामी चौकट. रिकामी म्हणजे अगदी रिकामी. पुढे काच, मागे पुठ्ठा, मध्ये काही नाही. रोज सकाळी राजय्या बालाजीला उदबत्ती ओवाळत आणि मग तीच उदबत्ती त्या चौकटीलाही ओवाळत. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "हितं कोण?"

"लायसन," राजय्या सांगत. "यायचं हाय."

मिहिर, परवा तुझी आई फोनवर सांगत होती की तुझा चष्मा मोडला, पण नवा लगेच मिळाला नाही, कारण नंबरचा कागद जुना झाला होता. तिकडे परदेशात तसा कायदाच आहे म्हणे. आधी परवाना असलेल्या माणसाकडून डोळे तपासून घ्यायचे, मग चष्मा. तू दिवसभर चिडून बसला होतास. मला आधी हसू आलं, आणि मग राजय्या आठवले. म्हणून तुला आणि सईला, दोघा नातवंडांना, हे लिहून पाठवते आहे.

ही सत्तर सालानंतरच्या चारपाच वर्षांतली हकिगत. तेव्हा आपल्याकडे सायकलला बिल्ला लागे, टांग्याला परवाना लागे. घरात रेडिओ असला तर त्याचंही लायसन पोस्टात जाऊन काढावं लागे. पण लोकांचे डोळे तपासून चष्मा द्यायला काहीही लागत नसे. काल कुलपं दुरुस्त करणारा आज 'नजर तपासून मिळेल' अशी पाटी लावू शकत होता. राजय्यांना हे सहन होत नसे. गंमत अशी की ते स्वतः त्याच धंद्यात होते. घराणं तेलुगू विणकरांचं, पण यांनी माग सोडला, मुंबईला एका चष्मेवाल्याच्या हाताखाली काच घासायला शिकले आणि परत येऊन दुकान थाटलं.

आम्ही नुकतेच त्या गल्लीत राहायला आलो होतो. मी वर्तमानपत्र हात लांब करून वाचू लागले, तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, "आता हात पुरत नाही तुझा. चाळिशी घे." मी पर्स उचलली आणि समोर गेले.

"बाई, डॉक्टरला दाखवलं?" राजय्यांनी विचारलं.

"अहो, साधी चाळिशी हवी. त्याला डॉक्टर कशाला?"

"मग मला अधिकार न्हाय."

"असं कोण म्हणतं?"

"कायदा."

"कुठला कायदा?"

"येणार हाय."

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. भविष्यकाळातला कायदा वर्तमानकाळात कसा लागू होतो, असं मी त्यांना विचारलं.

"पाळला की लागू होतोय की," राजय्या म्हणाले आणि मला सिव्हिल हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या खिडकीचा पत्ता सांगू लागले.

दुकानात अक्षरांचा तक्ताही होता, खालच्या ओळीला बारीक होत जाणारा. पण तो तोंड भिंतीकडे करून टांगलेला. वर्गात शिक्षा केलेल्या मुलासारखा दिसे. त्याबद्दल विचारलं तर राजय्या ऐकलं न ऐकलंसं करत. वळसंगहून, मोहोळहून एसटीने आलेली माणसं हात हलवत परत जात. "ह्या चष्मेवाल्याला चष्माच इकायचा न्हाय," असं पुटपुटत जात. डॉक्टरांची चिठ्ठी असली की मात्र राजय्या जिवाचं रान करत. कानामागे काडी टोचते का, नाकावर ओझं होतं का, हे पुन्हा पुन्हा विचारत. माझा चष्मा देताना त्यांनी मला खाली बघायला लावलं, वर बघायला लावलं, पायरी उतरून चढायला लावली.

त्यांची बायको नरसव्वा दाराशी स्टुलावर बसलेली असे. पाऊल वाजलं की "या बाई", "या मालक" म्हणे. तिचा चष्मा जाड होता आणि पदराने सारखा पुसून लख्ख ठेवलेला. भारी नंबर असेल, एवढंच मला वाटे.

दर रविवारी राजय्या आमच्याकडे येत. तुमचे आजोबा वकील, त्यामुळे नवे कायदे आधी त्यांनाच कळणार अशी राजय्यांची खात्री होती.

"वकीलसाब, आला का?"

"नाही हो."

"दिल्लीत तरी?"

"दिल्लीतही नाही."

"पुढच्या रविवारी बघू," असं म्हणून राजय्या चहा पीत. एकदा आजोबा म्हणाले, "राजय्या, न झालेला कायदा पाळणारे सोलापुरात तुम्ही एकटेच. झालेले पाळणारा कुणी भेटतो का ते मी अजून शोधतो आहे."

राजय्या हसले नाहीत. "वकीलसाब, थांब्यावर गडी उभा ऱ्हायला की गाडी थांबत्याच," ते म्हणाले.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. बांगड्या, भांडी, पाळणे यांच्या मधोमध एकजण टोपलीत चष्मे घेऊन बसला होता. माणसं उकिडवी बसून एकेक चष्मा डोळ्यांवर चढवत आणि जत्रेची जाहिरात वाचून बघत. वाचता आली की चष्मा त्यांचा. राजय्या तिथे गेले आणि टोपलीसमोर उभे राहिले.

"लायसन हाय का तुझ्याकडं?"

"तुझ्याकडं हाय का?" टोपलीवाल्याने विचारलं.

"माझ्याकडंबी न्हाय! म्हणूनच बोलायलोय की!"

गर्दी जमली. एका म्हातारीने चष्मा डोळ्यांवरून न काढताच विचारलं, "ह्यो कोन बडबडायलाय? ह्या चष्म्यातनं लई बारका दिसतोय." लोक खो खो हसले. मग पोलीस आला. राजय्यांनी त्याला सांगितलं, "तक्रार लिहून घ्या. पयलं नाव माझं लिहा. ह्याचं मागनं." पोलिसाने आयुष्यात असा फिर्यादी पाहिला नसावा. त्याने दोघांनाही चौकीत नेलं. टोपलीवाला लगेच सुटला, कारण त्याचा गुन्हाच नव्हता. राजय्या सुटेनात. गुन्हा नोंदवल्याशिवाय जाणार नाही म्हणून ते बाकावर बसून राहिले. शेवटी तुमचे आजोबा गेले आणि त्यांना घेऊन आले.

मी दार उघडलं. राजय्यांच्या सदऱ्याचं एक बटण तुटलेलं होतं. चहा पुढे ठेवला तरी त्यांनी कप उचलला नाही.

"वकीलसाब, एक केस घाला."

"त्या टोपलीवाल्यावर? टिकायची नाही."

"माझ्यावर."

"तुमच्यावर कोण घालणार?"

"नरसव्वाच्या वतीनं घाला," राजय्या म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. खाली बघत, एखाद्या दुसऱ्याच माणसाचं सांगावं तसं.

मुंबईहून शिकून आले तेव्हा त्यांना स्वतःचा फार अभिमान होता. नरसव्वा घरी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. तिचं डोकं दुखू लागलं. त्यांनी तक्त्यासमोर बसवून नंबर काढला आणि चष्मा दिला. पुन्हा दुखू लागलं, दुसरा दिला. मग ती म्हणाली, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात.

"मी म्हणलो, नशीबवान हायस. लोकांना पावसाळ्यात दिसतंय, तुला रोज दिसायलंय." राजय्यांनी कप बाजूला सरकवला. "आणि तिसरा चष्मा दिला. सगळ्यात भारी काच घातली."

सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. काचबिंदू. वेळेवर औषध पडलं असतं तर नजर राहिली असती. चष्म्याचा त्यात काही संबंधच नव्हता.

"बिगरलायसनचा टांगा हाकला तर पोलीस अडवतोय की, वकीलसाब. मी तीन खेपा हाकला. मला कुणीच अडवलं न्हाय."

मी आजोबांकडे पाहिलं. समोरच्या दाराशी बसून "या बाई" म्हणणाऱ्या त्या बाईला मी कधी दिसलेच नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आजोबा चष्म्याची काडी चावत बसले. कायद्यात हे कुठेच बसत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण नाही म्हणवेना. म्हणून त्यांनी वकिली केली. "केस घालायची तर मुद्देमाल लागतो. तो तिसरा चष्मा घेऊन या. आणि फिर्यादीची संमती."

त्यांना वाटलं, विषय मिटला. पुढच्या रविवारी संध्याकाळी राजय्या नरसव्वालाच घेऊन आले.

"चष्मा सोडायला तयार न्हाय," ते म्हणाले. "म्हणून चष्म्यासकट आणली."

मी तिला खुर्चीवर बसवलं. आजोबांनी कोर्टातल्यासारखं गंभीरपणे विचारलं, "नरसव्वा, तुमची यांच्याविरुद्ध काही तक्रार आहे?"

"हाय की. लई हाय."

राजय्या ताठ झाले. खोटं कशाला सांगू, त्यांचा चेहरा उजळलाच.

"दारात आलेलं गिऱ्हाईक हाकलत्यात," नरसव्वा म्हणाली. "परवा मोहोळचा म्हातारा हाकलला. मी या म्हणायचं आणि ह्यांनी जा म्हणायचं. आसं दुकान आसतंय व्हय, बाई?"

"तसं नाही," आजोबा म्हणाले. "चष्म्याबद्दल तक्रार आहे का? हा चष्मा पुरावा म्हणून ठेवून घ्यावा लागेल."

नरसव्वाने दोन्ही हातांनी चष्म्याच्या काड्या धरल्या.

"ह्यो माझा हाय," ती म्हणाली. "ह्यांनी केलाय. कुणाला द्यायचा न्हाय."

"पण त्याचा तुम्हाला उपयोग..."

"चष्मेवाल्याची बायको हाय मी. बिनचष्म्याची दारात बसू व्हय? लोक काय म्हणतील ह्यांना?"

राजय्या भिंतीवरच्या आमच्या कॅलेंडरकडे बघत होते. आजोबांनी समोरचा कागद दुमडून खिशात घातला आणि म्हणाले, "फिर्यादीची संमती नाही. केस काढून टाकली."

"कायदा आला की मग बघू," राजय्या पुटपुटले.

"तोवर चहा घ्या," मी म्हणाले. त्या दिवशी त्यांनी तो घेतला.

पुढे आम्ही सोलापूर सोडून पुण्याला आलो. राजय्यांचं पुढे काय झालं, लायसन त्यांच्या हयातीत आलं की नाही, मला ठाऊक नाही. पत्रं लिहीन म्हटलं होतं, पण ते राहूनच गेलं. मिहिर, तुझा नवा चष्मा आला की तो घातलेला फोटो पाठव. जवळून काढलेला पाठव.

त्या संध्याकाळची एकच गोष्ट राहिली. ती दोघं घरी निघाली तेव्हा मी गॅलरीत उभी होते. राजय्यांनी तिचा कोपर धरला होता. कोपऱ्यावरचा म्युन्सिपाल्टीचा दिवा नुकताच लागला होता. त्याच्याखाली पोचल्यावर नरसव्वा थांबली. तिने मान वर केली आणि तेलुगूत विचारलं, "रंगुलु उन्नाया?"

शेजारामुळे तेवढं तेलुगू मला येऊ लागलं होतं. रंग आहेत का, असं ती विचारत होती.

राजय्या दिव्याकडे बघत राहिले. साधा पिवळा बल्ब होता तो, धुळीने माखलेला.

"उन्नाय," ते म्हणाले. आहेत. मग एकेक रंगाचं नाव सांगत ते तिला रस्ता ओलांडून घेऊन गेले.