वहीतला शुक्रवार

मास्तरांनी कॅलेंडर बघितलं नाही, पेपर बघितला नाही, जावयाच्या मोबाइलकडे तर ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी शिलाईच्या मशीनचा खण उघडला, बायकोच्या हातची ऑर्डरींची वही काढली, खुणेचं पान उलगडलं आणि सांगून टाकलं, "शर्यत शुक्रवारी आहे. निघायचं गुरुवारी."

"वर्षातली सगळ्यात मोठी शर्यत, आणि ती कामाच्या दिवशी?" जावई म्हणाला.

"घोडेवाल्यांना काय शुक्रवार आणि काय रविवार."

जावयाचा हात मोबाइलकडे गेला. मुलीनं त्याला डोळ्यांनीच दटावलं. आईला जाऊन अजून तीन महिनेही झाले नव्हते. तिनं लिहिलेली तारीख मोबाइलवर पडताळून बघायची, हे काही तिच्या मनाला पटेना.

मास्तर तीस वर्षं एका तबेल्याच्या जॉकींसाठी रेशमी सदरे शिवत होते. हिरवं अंग, पिवळ्या बाह्या. कापणं-शिवणं मास्तरांचं, काज-बटण बायकोचं. दर वर्षी सदरा पार्सलनं जायचा आणि घोड्यावर बसून पळायचा, पण त्याला पळताना या दोघांनी कधी पाहिलं नव्हतं. "एकदा आपला सदरा पळताना बघायचाय," असं ती दर वर्षी म्हणायची, आणि मास्तर दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून कात्री उचलायचे. या खेपेला तबेल्याच्या कारकुनाचा फोन आला तेव्हा तिनं वहीत तारीख लिहिली आणि खाली लिहिलं, 'दोघांनी जायचं.' मग पाच काजं केली, पाच बटणं लावली आणि अंथरूण धरलं.

तारखेच्या बाबतीत मास्तर पक्के होते. तीस वर्षांत एक ऑर्डर चुकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. उशीर करायची ती गिऱ्हाइकं. त्यांच्याशी बोलायचं काम बायकोचं. मास्तरांना वही ठाऊक. वहीत सोमवार असला की सोमवारी कपडा तयार, आणि गिऱ्हाईक उगवणार ते बुधवारी. मास्तर त्याला फैलावर घ्यायचे. एका हेडमास्तरांना तर त्यांनी वक्तशीरपणावर दहा मिनिटं ऐकवलं होतं. हेडमास्तर गोंधळून बघत राहिले, आणि बायकोनं घाईघाईनं मधे पडून पँट त्यांच्या हातात दिली. जग दोन दिवस मागे चालतं, असं मास्तरांचं ठाम मत होऊन बसलं होतं. डॉक्टरही त्यातून सुटले नव्हते. त्यांनी मंगळवारपर्यंतचीच आशा दिली होती. मास्तर दुकानाला कुलूप घालून तिच्या उशाशी जाऊन बसले, आणि ती गेली गुरुवारी.

आता हा शेवटचा सदरा मास्तर स्वतः नेऊन देणार होते आणि पळताना बघणार होते. तिचं तेवढं एकच मागणं राहिलं होतं.

खरं तर त्यांना एकट्यानं बसनं जायचं होतं. पण मुलगी म्हणाली, मी तुम्हाला एकटं सोडणार नाही. मुलगी निघाली म्हणून जावई निघाला. जावयाला रजा मिळेना म्हणून त्यानं साहेबांना सांगितलं, सासरे अत्यवस्थ आहेत. साहेब पडले सज्जन; ते म्हणाले, मी बघायला येतो. तेव्हा सासऱ्यांना तातडीनं परगावच्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. ही बातमी ऑफिसातून कुणाच्या तरी मावशीमार्फत मास्तरांच्या थोरल्या बहिणीपर्यंत पोचली, आणि अक्का बॅग घेऊन रडत दारात हजर झाल्या. अत्यवस्थ भाऊ समोर उभा राहून सदऱ्याला इस्त्री करत होता.

अक्कांनी आधी डोळे पुसले, मग संतापल्या, आणि मग मला न घेता कसे जाता तेच बघते म्हणाल्या. अक्कांना गाडी लागते. बस रद्द झाली, भाड्याची मोटार आली, अक्का पुढे बसल्या आणि सहा तासांचा रस्ता थांबत थांबत अकरा तासांचा झाला. मास्तर मागे बसून होते. मांडीवर सदऱ्याचं पुडकं आणि पुडक्यावर वही.

शुक्रवारी सकाळी चौघं नटूनथटून रेसकोर्सच्या फाटकाशी उभे राहिले. आत एक पहारेकरी गवताला पाणी घालत होता. बाकी चिटपाखरू नव्हतं.

"शर्यत रविवारी," पहारेकरी म्हणाला.

"आजची तारीख आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही लोक उशीर करताय."

त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. पहारेकऱ्यानं हात पुसून ती नीट वाचली आणि वाद न घालता तबेल्याच्या कारकुनाला बोलावून आणलं. म्हातारा कारकून लांबूनच हसत आला.

"या मास्तर. नेहमीसारखा दोन दिवस आधी. वहिनी कुठायत?"

मुलीनं त्याला सांगितलं. कारकुनानं हात जोडले. मग मास्तरांच्या हातातल्या वहीवर त्याची नजर गेली.

"मी फोनवर रविवार सांगायचो आणि त्या म्हणायच्या, मी शुक्रवार लिहिते. पहिल्या वर्षी तुमचा सदरा शर्यत संपल्यावर पोचला होता, आठवतंय? घोडा उसन्या सदऱ्यात पळाला. तेव्हापासून तारखांचं त्यांनी आपल्याकडे घेतलं. एकदा मला म्हणाल्या, मी सगळ्यांच्याच तारखा दोन दिवस आधीच्या लिहिते, पण ह्यांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल."

मास्तर फाटकाशेजारच्या बाकावर बसले आणि वही चाळू लागले. सोमवार, बुधवार, शनिवार. एकूण एक गिऱ्हाईक वेळेवर आलं होतं. हेडमास्तरसुद्धा. तीस वर्षं ज्या वक्तशीरपणाची त्यांनी फुशारकी मारली तो त्यांचा नव्हताच. त्यांना लाज वाटली, आणि एवढ्या वर्षांत तिनं एकदाही टोमणा मारला नाही म्हणून जास्तच वाटली. मग ते एकदम थांबले.

"तुझ्या आईचं," त्यांनी मुलीला विचारलं, "डॉक्टरांनी खरं काय सांगितलं होतं?"

मुलीनं मान खाली घातली.

"गुरुवार," ती म्हणाली. "आई म्हणाली, त्यांना मंगळवार सांग. नाहीतर म्हणतील, हातातलं तेवढं संपवून येतो."

मास्तरांना रडू फुटलं. ती गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. अक्का शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, आणि थोड्या वेळानं त्याही रडू लागल्या.

जावई चार पावलांवर उभा राहून वाढीव रजेसाठी फोन करत होता. "साहेब, अजून दोन दिवस तरी लागतील," एवढंच तो म्हणाला. पण मागून येणारी रडारड ऐकून साहेबांनी आठवड्याची रजा दिली आणि स्वतःचाही आवाज कापरा झाल्यामुळे फोन ठेवला.

रविवारी रेसकोर्सवर पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर कठड्याला धरून उभे होते, वही काखेत. हिरवा-पिवळा सदरा समोरून गेला, वाऱ्यानं फुगलेला, ऊन पडल्यावर चमकणारा. मास्तरांनी त्याला वळणापर्यंत डोळ्यांनी पोचवलं, पुन्हा येताना पाहिलं आणि तो सगळ्यांच्या मागून, अगदी शेवटी येईपर्यंत नजर काढली नाही. शेजारचा माणूस म्हणाला, काका, तुमचा घोडा पडला की मागे. मास्तर म्हणाले, घोडा माझा नाही.

कारकुनानं त्यांना जॉकीपाशी नेलं. बारकासा, चिखलानं माखलेला जॉकी ओशाळून उभा राहिला.

"माफ करा मास्तर. फार उशीर झाला."

उशिरा आलेल्या माणसाला मास्तरांनी आजवर कधी सोडलं नव्हतं. मुलगी धास्तावून बघत राहिली. पण मास्तर वाकून बटणं बघत होते. पाचही जागेवर होती. वरचं एक काजातून तेवढं निसटलं होतं.

"नाही हो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी ते बटण हलक्या हातानं काजात घातलं. "वेळेवरच आलात."