चाळीस टन आणि आईच्या बरण्या

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही! बायकोला नाही, पाद्र्याला नाही, आमच्या कुत्र्यानंसुद्धा अर्ध्यात ऐकायचं सोडलं. पण यात एक अक्षर खोटं असेल, तर ही पळी माझ्या घशात अडको!"

म्हातारा तेओफिलिस एवढं बोलला आणि त्यानं ती पळी भांड्यात फिरवली. रविवार होता. जर्मनीत रविवारी ट्रक हलवायला बंदी, म्हणून हमरस्त्याच्या कडेला सगळ्या गाड्या दावणीच्या म्हशींसारख्या पावसात भिजत उभ्या. ट्रेलरच्या कडेच्या पेटीत गॅसची शेगडी, शेगडीवर बीटाचं कढण, आणि भोवती तीन लिथुआनियन ड्रायव्हर. तेओफिलिस, जाडा पोवीलास, आणि पहिल्याच खेपेला निघालेली स्काइस्ते, जी सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती.

"पळी राहू द्या आबा," पोवीलास म्हणाला. "ती एकच आहे. गोष्ट सांगा."

गोष्ट विद्मांतासची.

विद्मांतास पन्नाशीला टेकलेला, काटकुळा, कायम ओला दिसणारा माणूस. कुपिश्किस गावाच्या बाजूला एका कारखान्यात त्यानं उमेदीची सारी वर्षं दारं बनवण्यात घातली. शेवटी कारखान्याचंच दार बंद झालं, आणि ते दारही त्यानंच बनवलेलं होतं! बायको नॉर्वेला मासे कापायला गेली. आधी रोज फोन करायची, मग रविवारी, मग फक्त तिकडे बर्फ किती पडलं ते सांगायची. हळूहळू बर्फही पडायचं थांबलं. विद्मांतास आईकडे राहायला आला आणि स्वयंपाकघरात बसून घड्याळाकडे बघू लागला. आईचं घड्याळ बंद होतं, तरी बघायचा.

अशा माणसाला ट्रकची नोकरी लागली! म्हणजे लागायची होती. मालकानं स्पष्ट सांगितलं, "दलदलीतली काळी माती भरायची, हॉलंडच्या फुलबागांना पोचवायची. खेप नीट झाली तर कायम. फाटकातच अडखळलास तर घरी जा. तुझ्या जागेवर माणूस उभाच आहे."

विद्मांताससमोर दोनच रस्ते होते. एक हॉलंडचा, दुसरा त्या घड्याळाकडचा.

मग त्यानं तयारी सुरू केली, आणि लढाईला निघालेल्या राजानं लाजावं अशी केली! ट्रकमधला बिछाना अरुंद असतो म्हणून तो इस्त्रीच्या फळीवर झोपू लागला. तीनदा पडला, चौथ्यांदा फळी पडली. जर्मन भाषेतली तीन वाक्यं पाठ केली: 'मी थांबलो आहे', 'मी निघतो आहे' आणि 'माझी चूक नाही'. तिसरं त्यानं जरा जास्तच घोकलं.

पण खरी तयारी चालली होती जमिनीखाली. आई स्तानिस्लावा तळघरात उतरली होती.

तिचा नवराही एके काळी ट्रक घेऊन परदेशात जायचा. पोट बिघडून परत आला आणि त्यातच गेला. डॉक्टरांनी भलतंच काही नाव सांगितलं, पण स्तानिस्लावानं निकाल आधीच देऊन ठेवला होता: डब्यातलं विकतचं खाल्लं म्हणून गेला! आता मुलगाही त्याच वाटेनं निघालेला. तिनं हिवाळ्यासाठी घातलेलं सगळं वर आणलं. आंबवलेली काकडी, आंबवलेला कोबी, बीट, मशरूम, धुरावलेली डुकराची चरबी आणि काळा पाव, ज्याची एकेक लादी डोक्यात घातली तर माणूस तीन पिढ्या मागे जाईल!

"आई, हॉलंडला दुकानं आहेत गं!"

"होती ना तुझ्या बापाच्या वेळीही. गेला की नाही?"

विद्मांतासनं रिकामा ट्रक घरापुढे आणला आणि रात्रभर बरण्या चढवल्या. बिछान्यावर बरण्या, बिछान्याखाली बरण्या, आरशामागे बरण्या. गिअर टाकायला हात घातला तर हातात काकडी यायची.

सकाळी तो माती भरायला गेला. तिथं माती भरणाऱ्यांची एक रीत होती. ट्रक रिकामा किती, ड्रायव्हर साधारण किती, हे मनात धरून ते कायद्याच्या चाळीस टनांपर्यंत अगदी काठोकाठ माल चढवायचे. ड्रायव्हर म्हणून त्यांनी काटकुळा विद्मांतास धरला. त्याची आई धरली नाही!

फाटकाशी वजनकाटा होता, आणि काट्यावर वालेरिया. ही बाई इतकी काटेकोर की स्वतःच्या लग्नात नवऱ्याचं वजन करून मग 'हो' म्हणाली असं गावात बोलायचे.

"ऐंशी किलो जास्त!" ती खिडकीतून ओरडली.

"वालेरियाताई, चाळीस हजारांत ऐंशी म्हणजे काय हो? माशी बसली म्हणा!"

"मग माशी उतरव. चाळीस म्हणजे चाळीस. आणि तू आत बसूनच वजन होणार. ड्रायव्हर खाली उतरून वजन करायचं, ही सगळ्यांची युक्ती मला ठाऊक आहे!"

फाटकाच्या छपराखाली स्टुलावर स्तानिस्लावा बसली होती. निघण्याआधी घरच्यांनी घडीभर गप्प बसायचं, म्हणजे प्रवास सुखाचा होतो. तेवढ्यासाठी ती पहाटेच्या बसनं आली होती. गप्प बसणं तिला प्रथमच जड जात होतं.

विद्मांतासनं पिण्याच्या पाण्याची टाकी ओतली. बर्फाच्या साखळ्या टाकल्या. फळ्या, दोर, पलंगपोस टाकलं. बूट टाकले, मग बुटांत कोंबलेले मोजेसुद्धा! काटा उतरू लागला. आणि इतक्यात पाऊस वाढला. ट्रेलरच्या ताडपत्रीवर तळं साचलं. काटा पुन्हा चढला! अनवाणी विद्मांतास झाडू घेऊन शिडीवर चढला आणि वरून पाणी ढकलू लागला. एका बाजूनं ढकलावं तर दुसऱ्या बाजूनं आभाळ ओतत होतं. देवानं एका हातानं नोकरी दिली होती आणि दुसऱ्या हातानं बादली धरली होती.

"चाळीस किलो अजून!" वालेरिया ओरडली.

खिशातला फोन वाजला. मालक. "अर्ध्या तासात फाटकाबाहेर दिसला नाहीस, तर मी दुसऱ्याला पाठवतो. तो बूट घालूनच बसलाय."

विद्मांतासनं स्वतःच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग आईकडे.

"आई, थोड्या बरण्या घरी ने."

स्तानिस्लावा पांढरीफटक पडली. "वाटेचं अन्न उंबऱ्यात परत? अरे, तुझ्या बापानं एकदा विसरलेली टोपी घ्यायला पाऊल मागं टाकलं होतं! तीच त्याची शेवटची खेप. एक कणही परत येणार नाही."

"मग इथं फाटकाशी ठेवतो."

"पाव चिखलात ठेवणार? मी जिवंत असताना?"

आणि खरं सांगायचं, तर विद्मांतासलाही ते जमलं नसतं. बरण्या चढवताना त्यानं तळघर पाहिलं होतं. फळ्यांवर नुसते गोल गोल ओले डाग उरले होते. म्हातारी हिवाळाभर काय खाणार, हे त्यानं विचारलं नव्हतं, कारण उत्तर त्याला माहीत होतं. ती म्हणाली असती, 'मला कुठं भूक लागते?'

तो गाडीत चढला. दार लावलं. पहिलं झाकण उघडलं.

"काय करतोस रे?" वालेरियानं विचारलं.

"माशी उतरवतोय," तो म्हणाला आणि खाऊ लागला.

काकडी गेली. कोबी गेला. चरबीचा तुकडा त्यानं पावाशिवाय आणि पाव चरबीशिवाय गिळला, कारण एकत्र खायला वेळ नव्हता! मशरूम सरसर उतरले. पोट असं तट्ट फुगलं की स्टिअरिंगला टेकून हॉर्न वाजू लागला. रिकामी बरणी बाहेर टाकावी म्हणून त्यानं काच खाली केली, तर आई ओरडली, "बरण्या नाही हं टाकायच्या! पुढच्या वर्षी लागतात मला!" मग बरण्या परत आत, एकावर एक.

पण स्तानिस्लावाला कळलंच नाही तो कशासाठी खातोय! तिला वाटलं, लेकराला भूक लागली. नोकरी गेल्यापासून तो पाखरासारखा टिपायचा, आणि आज, देवा रे, आज तो जेवत होता! ती पावसात उभी राहून हात जोडून बघत राहिली. मग तिनं आपल्या पिशवीतून एक बरणी काढली. हेरिंग मासा. नाताळच्या आदल्या रात्री दोघांनी खायचा म्हणून ठेवलेला.

"हाही घे, विदुक बाळा. तेव्हा तू कुठं असशील कोण जाणे. मी एकटी काय करू त्याचं?"

ती ओली बरणी खिडकीतून आत आली. विद्मांतासनं तीही खाल्ली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "व्हिनेगर फार झालंय," तो म्हणाला. "फारच झालंय, आई."

काटा थरथरला. वालेरियानं चष्मा पुसला. एक किलो उतरला, दुसरा उतरला, मग घरंगळतच आला… आणि बरोब्बर चाळीस टनांवर थांबला! फाटक उघडलं. स्तानिस्लावानं हवेत क्रूस काढला. विद्मांतास हॉलंडला निघाला, आणि पोलंड पार होईपर्यंत त्याला भूक म्हणून लागली नाही!

तेओफिलिसनं पळी उचलली आणि विजयी मुद्रेनं कढण चाखलं. पोवीलासनं टोपी काढून डोळे टिपले. पाऊस ट्रेलरच्या टपावर वाजत होता. स्काइस्ते मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

"आबा," ती दिवसभरात पहिल्यांदाच बोलली. "विद्मांतास गाडीत. बरण्या गाडीत. आणि सगळं खाल्लेलं विद्मांतासच्या पोटात. मग काटा खाली आला कसा हो?"