गच्चीवरचा सायफन आणि रिद्धीची हळद

तुम्हाला म्हणून सांगते, भौतिकशास्त्र मुळीच अवघड नाही! शाळेत मला त्यात काठावर गुण मिळायचे, ते सोडा. निवृत्त झाल्यापासून मी रोज दुपारी मोबाइलवर व्याख्यानं ऐकते आणि विश्वाचा विचार करते. काळ पुढेच का जातो? डोक्यावर हवेचा एवढा भार, मग आपण चपटे का होत नाही? हे प्रश्न मी आमच्या ह्यांना, म्हणजे रामनाथना, विचारते. ते म्हणतात, "आधी चहा टाक."

आम्ही बोईसरला तीन मजली सोसायटीत राहतो. गच्चीवर माझ्या वांग्या-मिरच्यांच्या कुंड्या आहेत. सोसायटीची पाण्याची टाकीही तिथेच, पण तिला तिथे नळ नाही. बादल्या उपसून उपसून माझी कंबर पार कामातून गेली होती. त्या सकाळी ठरवलं, आज सायफन! पाण्यानं भरलेल्या नळीचं एक टोक टाकीच्या तळाशी, दुसरं खाली कुंड्यांत. बस्स! पाणी आपणहोऊन टाकीच्या काठापर्यंत चढतं आणि पलीकडे उतरतं. ना मोटर, ना बादली!

आणि चढलं हो! मी एकटीच गच्चीवर टाळ्या वाजवल्या. मग मनात आलं, हे चढतं तरी का? बाहेरची हवा ढकलते, की उतरणारं पाणी मागच्याला ओढतं? उत्तर शोधायला खाली आले, मोबाइल लावला. एक प्राध्यापक म्हणाले, हवा. दुसरे म्हणाले, ओढ. त्यांचं इतकं जुंपलं की नळी काढायची साफ राहून गेली!

नेमकी त्याच दिवशी तळमजल्यावरच्या सुलूच्या मुलीची, रिद्धीची, हळद. अंगणात मांडव, वर ताडपत्री. मी ठेवणीतली साडी काढतेय तोच बाथरूममधून ह्यांची आरोळी आली.

"शैला! नळ गेला! डोळ्यांत साबण आहे!"

"थांबा, हवेचा बुडबुडा अडकला असेल!" मी शास्त्रीय धीर दिला.

पण बुडबुडा अख्ख्या बिल्डिंगमध्ये अडकला होता! आमचे सेक्रेटरी एकनाथभाऊ एका गालाला फेस घेऊन जिन्यात गरजत होते, "कोणी नळ उघडा ठेवला? खालच्या टाकीतलं सगळं पाणी सकाळीच वर चढवलं! आता पाणी उद्या!"

मी धावत अंगणात गेले. तिथे हळद लागून झालेली. रिद्धी पिवळी, सुलू पिवळी, बेटेगावहून आलेली सुलूची थोरली बहीण पारूमावशी तर आंब्याच्या पेटीतून काढल्यासारखी पिवळी! आणि हात धुवायला थेंब नाही!

"मॅडम, ऊपर देखो!" मांडववाला म्हणाला.

वर ताडपत्रीला हत्तीएवढं पोट सुटलं होतं.

"बारिश तो हुई नहीं!" तो बिचारा निरभ्र आभाळाकडे बघत राहिला.

गच्चीवरचं पाणी खाली सोडणारा पाइप नेमका मांडवाच्या वरच फुटलेला. टाकीतलं पाणी कुंड्या भरून गच्चीवर, गच्चीवरून पाइपात आणि पाइपातून ताडपत्रीत! मला सगळं क्षणात उमगलं.

"बांबूनं ढकल वर!" एकनाथभाऊंनी हुकूम सोडला.

"नको!" मी किंचाळले. "भार एका बाजूला गेला तर..."

धबाक्! वाक्य पुरं व्हायच्या आत ताडपत्री कलंडली. नवरी, नवरीची आई, मावशी, पाट, हळदीची वाटी, सगळं चिंब! एकनाथभाऊंचा उरलेला फेससुद्धा गेला.

पिवळे ओघळ माझ्या पायाशी आले.

"सुलू," मी कसंबसं म्हटलं, "हे पाणी मी सोडलं गं." आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, लेकीच्या हळदीत घोळ घातला, आता ही जन्मात बोलणार नाही आपल्याशी.

रिद्धी सकाळपासून माहेर सुटणार म्हणून मुसमुसत होती. तिनं केस पिळले, माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसायला लागली! "काकू, मला आंघोळ घातलीत ती घातलीत, वर पाहुण्यांनापण घातलीत!" मग सुलू हसली. मग सगळा मांडवच हसायला लागला. माझे मात्र डोळे वाहायला लागले.

"रडतीस कशाला बाय?" पारूमावशी मला म्हणाली. "आमची विहीर भरलेली हाय. टेंपोनं पानी मागवते."

खरंच, बेटेगावहून पिंपं भरून टेंपो आला. पण भरलेली पिंपं उतरवणार कोण? चौघांनी जोर लावला, पिंप हलेना.

मी भीत भीत म्हटलं, "सायफन लावू?"

सगळे दोन पावलं मागे सरकले!

"लाव," पारूमावशी म्हणाली. "मला बगायचं हाय."

मी लावला. बादल्या भरू लागल्या, हातोहात वर जाऊ लागल्या. पहिली बादली आमच्या ह्यांना. मावशी नळीवर डोळे लावून उभी. "पन पानी वर चढतंच कसं गं?"

मला भरूनच आलं. इतक्या दिवसांत एका तरी माणसानं मला हे विचारलं होतं! मी हवा सांगितली, ओढ सांगितली, दोन्ही प्राध्यापक सांगितले.

"म्हंजे त्यांचंबी जमत नाय?"

"पूर्ण एकमत नाही."

"मग तू शोध की!"

त्या ओल्या मावशीला मी वाकून नमस्कार केला. असे शेजारी-पाहुणे मिळायला नशीब लागतं!

पुढच्या सभेत सोसायटीनं मला चक्क शाल-श्रीफळ दिलं. एकनाथभाऊ भाषणाला उभे राहिले. "शैलाताईंच्या अभ्यासाला आपला एकमतानं पाठिंबा आहे. फक्त एक नम्र विनंती, यापुढे त्यांनी ग्रह-ताऱ्यांचा अभ्यास करावा. ते लांब आहेत."